नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर
नव्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा कोरलेल्या असतात. त्यांत तेल टिकतं आणि पिस्टनच्या रिंगा हळूहळू घासून भिंतीशी चपखल बसतात. म्हणून साधारण पहिले १,००० किलोमीटर सबुरीनं घ्यावेत. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

पण सबुरी म्हणजे मुंगीच्या पावलानं चालणं नव्हे. रिंगा बसायला थोडा दाब लागतोच. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात इंजिनाला धापा टाकायला लावू नका आणि आरपीएमचा काटा लाल पट्ट्याकडेही नेऊ नका. द्रुतगती मार्गावर तासभर एकाच वेगानं जाण्यापेक्षा वेग कमीजास्त करत राहिलेलं बरं. ब्रेक आणि टायरही कोरेच असतात, तेव्हा पुढच्या गाडीपासून जरा जास्त अंतर ठेवा.