समजून घ्या : कायदाच अन्यायी असेल तर?

रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्यूरीच्याही वर एक शक्ती आहे, असे त्यांनी मुंबई हायकोर्टात सुनावले. असे काही वर असते का? तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस ‘हो’ म्हणतो. चांगले करावे, वाईट टाळावे, हे माणसाला बुद्धीनेच कळते, हा निसर्गनियम. त्याच्याशी फारकत घेणारा कायदा म्हणजे कायद्याचे बिघडलेले रूप.

मग तो मोडायचाच? इथे अक्वायनस सावध होतो. गोंधळ माजणार असेल तर कधी सोसावेही लागते. देवाच्या आज्ञेविरुद्धचा कायदा मात्र कधीच पाळू नये. ही पारख करायला विवेक हा सद्गुण लागतो, जोडीला न्याय, धैर्य, संयम. टिळकांची वाट गीतेची. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले, तेही काय करावे, काय करू नये या पेचावरच.