खिशांतील चाकूची पारख

बैल घेतांना दांत, खांदा व खूर पाहणारा आमचा शेतकरी खिशांतला चाकू मात्र दुकानांतील झळाळी पाहून घेतो. कडब्याच्या पेंढीचा बंद, खताच्या पोत्याची शिवण, ठिबकची नळी, रोगट फांदीचा शेंडा, इतकीं कामें करणाऱ्या वस्तूचीही नीट पारख झाली पाहिजे.

प्रथम सांधा पाहावा. चाकू उघडून पात्याची पाठ चिमटींत धरून डावीउजवीकडे हलवावी. पातें डुगडुगल्यास तो चाकू घेऊं नये. मिटल्यावर पातें खांचेच्या मधोमध बसावें. मग उघडलेलें पातें पक्कें अडकून राहतें कीं नाहीं, तें तपासावें. जोर देतांना पातें बोटांवर मिटणें हा अशा चाकूचा मोठा दोष होय. फ्रान्सच्या सावॉय प्रांतांत १८९० सालीं जोसेफ ओपिनेल यांनीं लाकडी मुठीचा साधा चाकू काढला. त्याला पातें अडकविणारें फिरतें कडें १९५५ सालीं जोडण्यांत आलें.

नंतर पोलाद. साध्या पोलादास दगडावर लवकर धार येते. परंतु डाळिंबाची साल कापतांच तें काळें पडतें, कारण सालींतील तुरट द्रव्याचा लोखंडाशीं संयोग होतो. ओलें ठेविल्यास गंजही चढतो. न गंजणारें पोलाद ओलींत अधिक टिकतें, पण त्यास धार लावण्यास बहुधा वेळ लागतो.

आतां माझी चूक सांगतों. महसूल खात्याच्या नोकरींत चाकू पेन्सिलीस टोंक करण्यापुरताच वापरला. निवृत्तीनंतर डाळिंबाची बाग लाविली. एका पावसाळ्यांत शेजारच्या बागेंतील डागाळलेली फांदी कापून पाहिली, चाकू रुमालास पुसला आणि त्याच चाकूनें माझ्या एका ओळीचे फुटवे काढले. पुढें त्याच ओळींत तेल्या दिसला व कांहीं झाडें उपटून जाळावीं लागलीं. तेल्याचे जंतू वाऱ्यापावसानेंही पसरतात, तेव्हां सर्व दोष चाकूचाच असें म्हणतां येत नाहीं; तथापि मन स्वस्थ राहत नाहीं.

आपल्या केगाव येथें २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जातांना हत्यार सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणांत बुडवून निर्जंतुक करावें, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. हें द्रावण पोलाद खातें; म्हणून काम संपतांच चाकू स्वच्छ पाण्यानें धुवावा, कोरडा करावा व सांध्यांत तेलाचा थेंब सोडावा. याकरितां ज्याची खांच मोकळी व सहज धुतां येण्याजोगी आहे, असाच चाकू बागाईतदारानें घ्यावा. अनेक पात्यांचा नक्षीदार चाकू डौलदार दिसतो, पण त्याच्या पोटांत सांठलेला चीक व माती दिसत नाहीं.

शक्य तर दोन चाकू ठेवावे, एक घरचा व एक बागेचा. बागेचा चाकू शेजाऱ्यास देऊं नये व त्याचा मागूं नये. यानें शेजारधर्म मोडत नाहीं. उलट दोघांच्याही बागा राखल्या जातात.