विमा मिळाला, पण दातांचे काय?

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातले लोक दात बसवून घ्यायला शेजारच्या मेक्सिकोत जातात, हे वाचून आपल्याला नवल वाटेल. ॲरिझोना राज्यातील युमा शहराजवळ, सरहद्दीपलीकडे लॉस अल्गोदोनेस हे लहानसे गाव आहे. तिथे जिकडेतिकडे दंतवैद्यांचे दवाखाने. गाडी अलीकडे लावायची आणि पायी पलीकडे जायचे.

अध्यक्ष ओबामा यांनी मार्च २०१० मध्ये आरोग्य सुधारणा कायद्यावर सही केली. जुना आजार आहे म्हणून विमा नाकारणे २०१४ पासून कंपन्यांना बंद झाले. हृदयरोग, मधुमेह असणाऱ्यांना हा मोठाच दिलासा. केवळ विम्याअभावी शस्त्रक्रियेसाठी परदेश गाठण्याची वेळ त्यामुळे पुष्कळांवरची टळू शकते. मात्र आवश्यक सेवांत या कायद्याने मुलांचे दात धरले, मोठ्यांचे नाहीत. जणू वयात आल्यावर दाढ दुखायची थांबते! म्हणून ही पायपीट चालूच आहे.

यात एक अडचण आहे. कृत्रिम दाताची खुंटी जबड्याच्या हाडात रुजायला काही महिने लागतात. घरी परतल्यावर मध्येच सूज आली, तर दुसऱ्याने केलेले काम हाती घ्यायला जवळचा दंतवैद्य का कू करू शकतो. मग पुन्हा सरहद्द.