अर्ध्या मिलिमीटरचं अंडं, मोठ्या सेन्सरचा फोन

खामगावच्या कापसासाठी 1870 मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला. त्याच कापसाचं दुखणं आता मोबाइलच्या पडद्यावर तपासलं जातं. इथल्या शिवारात डोमकळी (अळीमुळे न उमलता मिटलेलं फूल) दिसली, की फोटो आधी व्हॉट्सॲपवर जातो आणि सहाय्यक कृषी अधिकाऱ्याचा सल्ला मागाहून येतो. गुलाबी बोंडअळीचं अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, फुलकिडा मिलिमीटरभराचा. एवढ्याशा जिवाचा फोटो महागड्या फोनवरच धूसर का यावा, असा प्रश्न पडतो.

उत्तर भिंगापाशी सापडतं. फोनचं भिंग तारेच्या वेटोळ्याशी जोडलेलं असतं, शेजारी चुंबक. वीज सोडली की वेटोळं भिंगासकट सरकतं. वस्तू जितकी जवळ, तितकं भिंग सेन्सरपासून लांब जायला हवं. महागड्या फोनसारखा सेन्सर मोठा असेल, तर तेवढंच दृश्य टिपायला भिंगाचं नाभीय अंतरही मोठं लागतं आणि सरकण्याची गरज साधारण त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेन्सरचा कर्ण 7 मिलिमीटर असेल, तर नाभीय अंतर सुमारे 4.3 मिलिमीटर, 10 सेंटिमीटरवरच्या बोंडासाठी भिंग 0.2 मिलिमीटर सरकलं की भागतं. शाओमीच्या 12एस अल्ट्रामध्ये 2022 साली आलेल्या ‘एक इंची’ सेन्सरचा कर्ण 16 मिलिमीटरच्या आसपास. तिथं तेच सरकणं 0.8 मिलिमीटरच्या वर जातं. पातळ फोनमध्ये तेवढी मोकळीक मिळणं कठीण. या चिमुकल्या यंत्राचं मला फार कौतुक वाटतं, पण त्याची धाव इथं संपते. त्यातून फोकस साधलाच, तरी त्याची खोली अपुरी पडते: अळीचं डोकं स्पष्ट आणि शेपूट पुसट.

मग मागे सरून दुप्पट झूम करावा. किंवा आयफोन 13 प्रोसारखी, 2 सेंटिमीटरपर्यंत फोकस करणारी अल्ट्रावाइड लेन्स वापरावी. मात्र एवढ्या जवळ फोनचीच सावली पानावर पडते. स्वस्त फोनमधल्या 2 मेगापिक्सेलच्या मॅक्रो कॅमेऱ्याचा फोकस बहुधा एकाच अंतरावर बांधलेला. वाऱ्यानं पान हललं की फोटो गेला. खोक्यावर मेगापिक्सेल ठळक छापतात, किती जवळून फोकस होतो ते क्वचितच. म्हणून दुकानात जाताना खिशात सरकीचा दाणा ठेवावा आणि त्याचाच फोटो काढून पाहावा.

फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर व्हॉट्सॲप त्यातला बारकावा खातं. आणि अळी एकदा बोंडात शिरली, की तिचं छिद्र बुजतं. मग हिरवी बोंडं फोडूनच पाहावी लागतात, कामगंध सापळ्यातले पतंग रोज मोजावे लागतात. सलग तीन दिवस सापळ्यामागे रोज आठ पतंग आले, तर फवारणीचा निर्णय लांबवता येत नाही.