ठिणगी कुठे गेली?

देवळाली कॅम्पात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि लॅम रोडवरच्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारातून ओळखीचा आवाज येऊ लागतो. सेल्फ फिरतोय, फिरतोय, पण गाडी काही घेत नाही. ‘थंडी आहे ना,’ असं म्हणून आपण विषय तिथेच संपवतो. पण पेट्रोलच्या इंजिनासाठी ८-१० अंश म्हणजे थंडीच नव्हे. लेहमध्ये शून्याच्या कितीतरी खाली गाड्या सुरू होतात. आपल्या नाशिक जिल्ह्यात निफाडकडे द्राक्षबागा वाचवायला रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात, तेवढ्या गारठ्यातही धडधाकट गाडी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू व्हायलाच हवी. थंडी आणि ओल गाडी बिघडवत नाहीत. उन्हाळाभर लपून राहिलेला बिघाड त्या उघडा पाडतात, आणि कसा पाडतात हे पाहायला लागलं की थक्क व्हायला होतं.

त्यासाठी आधी जुन्या गाडीत ठिणगी कशी तयार होते ते पाहू. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हटली. पण हौसेने जपलेली पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर कुठे भेटली, तर तिचं बॉनेट उघडून एकदा कॉइलकडे बघा. बॅटरी १२ व्होल्ट देते आणि प्लगच्या टोकाशी हजारो व्होल्ट लागतात. मधली सगळी करामत त्या नळकांड्यात होते. डिस्ट्रिब्युटरमधले, म्हणजे प्लगना वीज वाटून देणाऱ्या डब्यातले, दोन संपर्क-पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलच्या जाड तारेतून करंट वाहतो आणि लोखंडी गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. पॉइंट उघडतात, जेमतेम ०.४ मिलिमीटर, आणि करंट तुटतो. क्षेत्र कोसळतं, आणि कोसळता कोसळता शेजारच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत १५-२० हजार व्होल्टचा दाब उसळवून जातं. मायकेल फॅरेडेला १८३१ मध्ये गॅल्व्हानोमीटरचा काटा हललेला दिसला तो अशाच क्षणी, करंट जोडताना आणि तोडताना. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हे कोसळणं सेकंदाला १०० वेळा घडतं, आणि पुढच्या सीटवर आपण निवांत गप्पा मारत असतो.

आता ठिणगीच्या बाजूने विचार करू. प्लगच्या टोकाशी ०.६-०.७ मिलिमीटरची फट असते. उघड्या हवेत ती ओलांडायला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरच्या आत मात्र हवा सात-आठ पट दाबलेली असते, आणि दाबलेली हवा विजेला कितीतरी जास्त अडवते. म्हणून प्लग बाहेर काढून, बॉडीला टेकवून ठिणगी बघण्याची जी चाचणी सगळेच करतात, ती अर्धीच खरी. बाहेर छान निळी उडणारी ठिणगी आत गेल्यावर उडेलच, याची खात्री तिच्यातून मिळत नाही. वीज सोपी वाट निवडते. आतली वाट अवघड झाली आणि बाहेर एखादी सोपी वाट तयार झाली, की ती बाहेरूनच निघून जाते.

ही सोपी वाट दव तयार करतं. शुद्ध पाण्यातून वीज सहजी जात नाही. पण डिस्ट्रिब्युटर कॅपवर रस्त्याची धूळ, तेलाचा पातळ थर आणि क्षार साचलेले असतात, आणि त्यांना ओल लागली की त्यांची तार होते. एकदा तिथून ठिणगी सरकली की कॅपचं बेकेलाइट जळून कार्बनची केसासारखी काळी रेघ उमटते. ही रेघ वाळत नाही. पुढच्या खेपेला ओल थोडी असली तरी वीज तीच वाट धरते. कॅप उजेडात तिरपी धरून आत-बाहेर नीट पाहिली, तर ही रेघ किंवा बारीकसा तडा दिसतो. तसं काही दिसलं तर पुसण्यात वेळ घालवू नये, कॅप बदलावी.

पण बघण्याची सर्वांत सुंदर रीत अंधारातली. उजाडण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेकवर ठेवून, टॉर्च बंद करून, बॉनेट उघडं टाकायचं, हात आणि कपडे लांब ठेवायचे आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. प्लगच्या वायरी म्हाताऱ्या झाल्या असतील तर त्यांच्याभोवती निळसर जांभळी लव दिसते आणि कॅपवर चट्‌चट् आवाज करत रेघा धावतात. काहीच दिसलं नाही तर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचे अगदी बारीक तुषार वायरींवर मारावेत. जिथे निळं चमकलं, तिथे तुमची ठिणगी जातेय. डोळ्यांनी हजारो व्होल्ट पाहायची अशी संधी रोज मिळत नाही.

दव नेमकं कधी बसतं, ही आणखी नवलाची गोष्ट. स्वच्छ रात्री उघड्यावरची गाडी आपली उष्णता सरळ आकाशाकडे फेकत राहते आणि तिचं छत, बॉनेट भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. म्हणून पहाटे काचा भिजलेल्या असतात. बॉनेटखालचं इंजिन मात्र शंभराहून जास्त किलोंचा धातू. ते उशिरा गार होतं आणि उशिराच तापतं. सूर्य वर आला, दारणा नदीच्या काठच्या शेतांतली ओल हवेत चढली आणि ती उबदार, दमट हवा बॉनेटखाली शिरली, की तोवर गारच असलेल्या इंजिनावर पाणी धरतं. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर धरतं तसंच. म्हणूनच पहाटे साडेपाचला निमूट सुरू झाली असती तीच गाडी आठ वाजता अडून बसू शकते. ‘ऊन पडू दे, मग होईल सुरू’ हा सल्ला पहिला तासभर तरी चुकीचा ठरू शकतो. कॅप काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसणं त्यापेक्षा बरं, अर्थात चावी बंद करून. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीच्या बाजूने ढग उतरतात तेव्हा तर दिवस दिवस काही वाळतच नाही. ओलीचा हा त्रास लष्कराने फार आधी ओळखला होता. १९५० च्या सुमाराची अमेरिकन एम-३८ जीप २४ व्होल्टची होती आणि तिची ठिणगीची सगळी यंत्रणा पाणी शिरू नये अशी बंदिस्त होती.

आता कोडं असं, की ओल नसतानाही गाडी घेत नाही. इथे कान उपयोगी पडतो. गारठ्यात इंजिनाचं तेल उन्हाळ्याच्या कित्येक पट घट्ट होतं, त्यामुळे सेल्फला जास्त जोर लागतो आणि तो शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. त्याच वेळी गारठ्याने बॅटरीतली रासायनिक क्रियाही मंदावलेली असते. व्होल्टेज १२ वरून ९ वर बसतं. आणि कॉइल त्याच बॅटरीवर जगते. तिच्यात साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे व्होल्टेज पाव हिस्सा घटलं की ठिणगीची ताकद जवळपास निम्मी होते. जेव्हा जास्त लागते, नेमकी तेव्हा. बॅटरीवर चालणारी ठिणगी आणि १९१२ च्या कॅडिलॅकमधला विजेचा सेल्फ, दोन्ही चार्ल्स केटरिंग या एकाच माणसाची देणगी, आणि थंड सकाळी ही दोन भावंडं एकाच ताटावर भांडतात.

या भांडणाची एक खूण मला फार आवडते. सेल्फ फिरत असताना इंजिन काहीच दाद देत नाही, आणि चावी सोडता सोडता एकदम भुर्र करून पकडतं. का? सेल्फ सुटला, व्होल्टेज परत वर आलं, इंजिन अजून फिरतंय, आणि तेवढ्या क्षणात कॉइलला पोटभर करंट मिळाला. अशी गाडी दिसली तर कार्बोरेटरला हात लावू नका. बॅटरीची टोकं, आणि त्याहून महत्त्वाची म्हणजे इंजिन बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी घासून स्वच्छ करा. हिरवट गंज चढलेली ती दुर्लक्षित पट्टी बऱ्याचदा नव्या बॅटरीचा खर्च वाचवते.

सेल्फ खणखणीत फिरतोय आणि तरी इंजिन घेत नाही, तर प्लग काढून वास घ्यावा. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय, बहुधा ठिणगी नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. पेट्रोल म्हणजे एकच द्रव नव्हे. साधारण ३५ ते २०० अंशांपर्यंत उकळणाऱ्या कितीतरी द्रवांचं ते मिश्रण आहे. ८ अंशांत त्यातले हलके तेवढेच वाफ होतात, आणि जळते ती वाफच. चोक ओढून आपण हवा अडवतो, म्हणजे पेट्रोल भरपूर यावं आणि त्यातून पुरेशी हलकी वाफ मिळावी. पण गाडी सुट्टीच्या बंगल्यात चार महिने उभी असेल तर ते हलके घटक टाकीतून आणि कार्बोरेटरमधून केव्हाच उडून गेलेले असतात. मागे उरलेलं पेट्रोल दिसायला पेट्रोलच असतं, मे महिन्यात चालतंही, जानेवारीत मात्र पेटत नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ७८ अंशांना उकळतं, वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता मागतं आणि हवेतली ओलही शोषतं. उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीत थोडंच आणि ताजं पेट्रोल ठेवणं हाच यावर उपाय.

शेवटी एक प्रकार, जो मला अजूनही जादूसारखा वाटतो. गाडी सुरू होते, दोन-तीन किलोमीटर नीट जाते, मग गुदमरून बंद पडते. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. हवा १०-१२ अंश, दमट, कदाचित धुकं. नाशकात, शून्याच्या वर हवा असताना, कार्बोरेटरच्या गळ्यात बर्फ झालेला असतो! पेट्रोल वाफ होताना भोवतालची उष्णता खेचतं आणि तिथलं तापमान २० अंशांनीही खाली येऊ शकतं. हवेतली ओल थ्रॉटलच्या पातीवर गोठते आणि हवेची वाट बुजते. गाडी थांबली की इंजिनाची ऊब वर चढते आणि बर्फ वितळून इंजिनातच जातो. मेकॅनिक येऊन कार्बोरेटर उघडतो तोवर पुरावा उरलेलाच नसतो, आणि मग जेट साफ करणं, पंप बदलणं असले निरुपयोगी उपचार सुरू होतात. अशा वेळी एअर फिल्टरकडे बघावं. काही जुन्या गाड्यांत त्याच्या तोंडाला उन्हाळा-हिवाळ्याची दोन स्थानं असतात, तर काहींत एक्झॉस्टजवळची गरम हवा आणणारी जाड नळी असते. ही नळी फाटली किंवा हरवली तर उन्हाळ्यात कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून ती दिवाळीआधीच तपासून घ्यावी.