धानाच्या जिल्ह्यात भाताचे माप

गोंदिया जिल्ह्यात राहून 'भात कमी खा' असे लिहिणे थोडे धाडसाचेच आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा धानाचा, तलावांचा आणि राईस मिलांचा. आपले वर्ष पऱ्हे टाकण्यापासून सुरू होते, रोवणीत वाकते आणि मळणी झाली की मोकळा श्वास घेते. सकाळी पोहे किंवा मुरमुरे, दुपारी भात, रात्री भात आणि उन्हाळ्यात मधल्या वेळी पेज, असा आपला आहार. हे सर्व पदार्थ तांदळाचेच, हे आपल्या लक्षातही येत नाही. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा इतिहासाचा विषय घ्यावा असे प्रथम मनात होते. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एक गोष्ट सतत नजरेस येते. चाळिशीही न गाठलेली, नोकरीत स्थिरावलेली मुले एकमेकांना शुगरच्या गोळ्यांची नावे सांगतात. म्हणून हा विषय घेतला. इतिहास त्यातही आहेच.

प्रथम एक अवघड बाब स्पष्ट केली पाहिजे. आपल्या समाजाला कमी खाण्याचा उपदेश करताना जीभ अडखळते. आपल्या आजोबा-पणजोबांनी बलुत्याच्या मूठभर धान्यावर आणि मागून आणलेल्या शिळ्या भाकरीवर दिवस काढले. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी तेव्हाचा मध्य प्रांत होरपळून निघाला, त्यात सर्वांत आधी कोणाच्या चुली विझल्या असतील हे सांगावयास नको. 1927 साली महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे अन्न सोडण्यास सांगितले, ते उपाशी राहावे म्हणून नव्हे. स्वतःच्या कष्टाचे अन्न मानाने खावे म्हणून. त्यामुळे ढोलीभर धान आणि ताटभर पांढरा भात ही आपल्या घरांत केवळ जेवणाची गोष्ट राहिली नाही. मी भात कमी केला तेव्हा माझ्या वृद्ध आईने विचारले, "काहून रे बाबू, भात काहून नाही घेत? ढोलीत धान नाही का आपल्या?" या प्रश्नाचे उत्तर कॅलरीच्या हिशेबात देता येत नाही.

तरीही हिशेब करावा लागतो, आणि तो भगवान बुद्धांच्या काळातही करावा लागला होता. पालि संयुत्तनिकायात कोसलसंयुत्त नावाचा भाग आहे. त्यात द्रोणभर तांदळाचा भात खाणाऱ्या कोसलराज प्रसेनजिताची कथा येते. एकदा जेवून तो धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्यास उपास सांगितला नाही, भात वर्ज्यही करावयास लावला नाही. जागरूक राहून मिळालेल्या अन्नाचे माप जाणणाऱ्या मनुष्याचे दुखणे हलके होते आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा आशयाची एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावली आणि आपण जेवायला बसलो की ती म्हणावी, त्याबद्दल रोज शंभर कार्षापण मिळतील, असे ठरविले. हळूहळू राजाचे माप द्रोणावरून नाळीवर आले. नाळी हे द्रोणाहून कितीतरी लहान माप. पुढे सडपातळ झालेला राजा स्वतःच्या अंगावरून हात फिरवीत तथागतांचे उपकार आठवतो, असे सुत्तात आहे. मला या कथेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शब्द म्हणजे 'हळूहळू'. आणि दुसरा, आठवण करून देणारा माणूस. राजालाही तो पगारी ठेवावा लागला.

युरोपात या विषयाची चर्चा फार उशिरा झाली. लंडनचा विल्यम बँटिंग हा अंत्यविधीचे सामान पुरविणारा व्यावसायिक. वैद्याच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे आणि बीअर सोडली, सुमारे वर्षभरात 46 पौंड म्हणजे जवळजवळ 21 किलो वजन घटविले आणि 1863 मध्ये त्याविषयी एक पुस्तिका छापली. महाराष्ट्रात अलीकडे नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची आहारावरील व्याख्याने गाजली. त्यांचाच धागा डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे नेला: दिवसातून दोनच वेळा जेवण, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे. अनेकांना त्याचा लाभ झाला, कारण मधले बिस्किट आणि गोड चहा त्यात सुटतात. मात्र आपल्याकडे दोन वेळा म्हणजे भाताचे दोन डोंगर असा अर्थ घेणारेही मी पाहिले आहेत. त्यांचे वजन होते तिथेच राहिले.

आता भात शरीरात करतो काय ते पाहू. भात, पोळी, भाकरी, पोहे, साबुदाणा, बटाटा आणि साखर यांत मुख्यतः कर्बोदके असतात. पचनानंतर त्यांची साखर होऊन ती रक्तात उतरते. ती पेशींत पोहोचविण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. तातडीच्या गरजेहून अधिक असलेली साखर यकृतात व स्नायूंत साठते. ती कोठारे भरली की उरलेल्या उष्णतेची चरबी होते. शेतावर आठ तास चिखलात राबणाऱ्याची कोठारे रोज रिकामी होतात. खुर्चीवर बसणाऱ्याची होत नाहीत. आपल्या आजोबांइतकाच भात आपण खातो आणि त्यांच्या दहाव्या हिश्शाइतकेही चालत नाही, हे सारे दुखणे एवढ्यात आले.

मी एकदा प्रयोगशाळेतला तराजू घरी नेऊन माझ्या ताटातला शिजलेला भात मोजला. एका वेळेचा भरला 400 ग्रॅम. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात सुमारे 28 ग्रॅम कर्बोदके आणि 130 कॅलरी असतात, म्हणजे दोन वेळचे मिळून 224 ग्रॅम कर्बोदके. सकाळच्या पोह्यांचे आणखी पंचेचाळीसेक ग्रॅम. शाळेत दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे 40 ग्रॅम. बेरीज 300 च्या वर जाते. या सगळ्यात वरण किती, तर भाताला पिवळा रंग येईल एवढे. शिक्षकाने मुलांना संतुलित आहाराची आकृती फळ्यावर काढून दाखवायची आणि घरी असे जेवायचे, याची मला लाज वाटली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी 250 ग्रॅम कच्चे धान्य, 85 ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस, 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे असे प्रमाण सांगितले आहे. एकूण उष्णतेपैकी धान्याचा वाटा 45 टक्क्यांवर जाऊ नये असेही त्यात आहे. भारतीय माणूस सरासरी 62 टक्के उष्णता कर्बोदकांतून घेतो, असे देशव्यापी पाहणीत आढळले. त्याच पाहणीतून निघालेला एक निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्य घेतले, पण एकूण माप तेच राहिले, तर मधुमेहाचा धोका फारसा घटत नाही. भात सोडून चार पोळ्या खाणाऱ्यांनी हे वाचावे. उकडा तांदूळ पांढऱ्यापेक्षा बरा, त्यात जीवनसत्त्वे अधिक टिकतात, परंतु तोही तांदूळच.

बारीक दिसणाऱ्यांनी निश्चिंत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, निर्देशांक 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळे जन्मतः लहान असूनही चरबीचे प्रमाण जास्त घेऊन येतात, असे याज्ञिकांच्या अभ्यासात दिसले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुपोषणाचा त्यात वाटा मानतात. म्हणून आपल्यासाठी निर्देशांक 23 च्या वर गेला की जादा वजन धरतात. घरी मोजायची सोपी खूण कंबरेची: पुरुषाची 90 आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या आत असावी.

माझा पहिला प्रयत्न फसला. मी एका दिवसात भात पूर्ण बंद केला. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले आणि मी साऱ्या स्टाफरूमला सांगत सुटलो. ते बहुतांशी पाणी होते, कारण शरीरातील साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी धरलेले असते आणि साठा संपताच ते बाहेर पडते. डोके दुखे, पोट साफ होईना आणि नवव्या दिवशी एका लग्नात मी तीन वेळा भात वाढून घेतला. पुढच्या वेळी सुदस्सनाचे काम पत्नीकडे सोपविले, विनावेतन. भात एक वाटी, दोनशे ग्रॅम. आधी अंबाडी, चवळी किंवा जी भाजी असेल ती, मग घट्ट वरण किंवा उसळ, आणि शेवटी भात. चहा बिनसाखरेचा, तो जमायला तीन आठवडे लागले. सकाळी पोह्यांऐवजी दोन अंडी, नाहीतर भिजवलेले चणे. आठ महिन्यांत 86 वरून 78 किलोवर आलो. त्यात संध्याकाळच्या चालण्याचाही हिस्सा आहे, सगळे श्रेय वाटीला देणे अप्रामाणिक ठरेल.

भात कमी केला तर पोट कशाने भरावे, हा खरा प्रश्न आहे आणि तो पैशाचाही आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, 2023 पासून ते मोफत आहे. डाळ मात्र दुकानातून विकत आणावी लागते. ज्या मजूर कुटुंबात वरण पातळ करून पाच जणांना पुरवितात, तेथे हा लेख वाचून कोणी भात कमी करू नये. त्यांच्या ताटात आधी डाळ यायला हवी. आपल्या भागात तलावातली मासोळी, अंडी, चणे, पोपटाच्या शेंगा आणि जवसाची चटणी अजून तुलनेने स्वस्त आहे. धानानंतर बांधीत होणारी लाखोरी प्रथिनांनी समृद्ध खरी, पण दुष्काळात केवळ तिच्यावर जगलेल्यांचे पाय लुळे पडत असत, म्हणूनच 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. तिला भाताच्या जागी रोजचे मुख्य अन्न करू नये.

काहींनी तर स्वतःच्या मनाने काहीच करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने भात एकदम घटविला तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, डॉक्टरांकडून आधी औषधाचे माप बदलून घ्यावे. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि 15 एप्रिल 1948 च्या विवाहानंतर माईसाहेबांनी, स्वतः डॉक्टर असल्याने, त्यांचे पथ्य व औषध दोन्हींवर बरोबरीने लक्ष ठेवले. दुसरी बाब सिकलसेलची. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार बराच आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाने उपास करू नये, शरीरातले पाणी कमी झाले की वेदनेचा झटका येऊ शकतो. शिवाय तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी एचबीए1सी तपासणी अशा रक्तात चुकीचा आकडा देऊ शकते, म्हणून तपासणीच्या वेळी सिकलसेलची माहिती डॉक्टरांना जरूर सांगावी.

वसतिगृहातील मुलांना यातले काहीही लागू नाही. ती वाढीच्या वयात आहेत, मैदानावर धावतात, त्यांना भात पोटभर मिळालाच पाहिजे. त्यांच्या वरणाचा पळा मात्र मोठा करावा, ही सूचना मी भोजनगृहाच्या बैठकीत दोनदा मांडली आहे आणि येत्या बैठकीत तिसऱ्यांदा मांडणार आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणास हातभार लावावयाचा असेल तर तुरीच्या डाळीचे एक पोते पाठवावे.