चार पेन्सिल सेलांचं यंत्र

पेन्सिल सेलची लांबी साडेपन्नास मिलिमीटर, जाडी साडेचौदा, वजन वीस-पंचवीस ग्रॅम. हे माप खेळ बनवणाऱ्या कुठल्या कंपनीनं ठरवलेलं नाही आणि तिला ते बदलताही येत नाही. १९८९ साली हातात धरून खेळायचं यंत्र बनवायचं म्हणजे आधी या नळकांड्याशी तह करावा लागे. किती सेल घालायचे, ते कुठे बसवायचे, किती तास पुरवायचे हे ठरल्यावर रंग, आवाज, वेग वगैरे. निन्टेन्डोचा गेम बॉय ज्यांनी बनवला त्यांनी या तहाची कलमं आधी वाचली. त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी ती बहुधा शेवटी वाचली.

गेम बॉयच्या मागे नाव घेतलं जातं ते गुनपेई योकोई यांचं. क्योतोचा हा माणूस इलेक्ट्रॉनिक्स शिकून १९६५ मध्ये निन्टेन्डोत लागला, तेव्हा ही कंपनी हानाफुदा नावाचे जपानी पत्ते छापायची आणि योकोईंचं काम होतं ते छापणारी यंत्रं चालू ठेवणं. फावल्या वेळात त्यांनी लांबवर पोचणारा एक लाकडी चिमटा केला होता. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला, आणि १९६६ मध्ये तो 'अल्ट्रा हँड' नावाचं खेळणं म्हणून बाजारात आला. तिथून पुढे हा माणूस खेळणीच बनवत राहिला.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला योकोईंना दिसला, आणि त्यातून 'गेम अँड वॉच'ची कल्पना सुचली, असं ते सांगत. त्या वेळी जपानात शार्प आणि कॅसिओ यांच्यात कॅल्क्युलेटरची लढाई जुंपली होती. तिच्यामुळे छोट्या चिप आणि काचेचे करडे पडदे कमालीचे स्वस्त झाले होते. १९८० साली आलेल्या गेम अँड वॉचमध्ये हेच भाग होते. पडद्यावर जी चित्रं दिसायची ती काचेवर आधीच आखलेली. चिपनं फक्त कुठलं चित्र काळं करायचं ते ठरवायचं. हातघड्याळात असतात तसे बटण सेल त्याला महिनोन् महिने पुरत. योकोईंची पद्धत ही अशी होती: जे तंत्र मुरलं आहे, स्वस्त झालं आहे, ज्याच्या सगळ्या खोडी माहीत झाल्या आहेत, ते उचलायचं आणि ज्या जागी कुणी वापरलं नाही तिथे वापरायचं.

ही पद्धत ऐकायला साधी वाटते, पण तिच्यावरून घरातच खटके उडाले. योकोईंच्या विभागातले अभियंता सातोरू ओकादा यांना गेम अँड वॉचचा मोठा भाऊ नको होता. कार्ट्रिज बदलता येईल, दुसऱ्या कंपन्या ज्याच्यासाठी खेळ लिहितील, वर्षानुवर्षं टिकेल असं यंत्र त्यांना हवं होतं. अखेर योकोईंनी त्यांचं ऐकलं. गेम बॉयची सगळी पुण्याई एकट्या योकोईंच्या खात्यावर टाकण्याची सवय मला म्हणूनच पटत नाही. काटकसर योकोईंची असेल, पण त्या काटकसरीतून खेळणं न होता कन्सोल झाला तो ओकादांच्या हट्टामुळे.

आता हिशेब. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमधून सावकाश वीज काढली तर अडीच ते तीन वॅट-तास ऊर्जा मिळते. (आपल्याकडे भिंतीवरच्या घड्याळात असतो त्या साध्या झिंक-कार्बन सेलमधून जेमतेम निम्मी.) चार सेल म्हणजे दहा ते बारा वॅट-तास. गेम बॉयची भूक सुमारे ०.७ वॅट. भागाकार केला की पंधरा तासांच्या आसपास उत्तर येतं, आणि पंधरा तास हाच आकडा त्या यंत्राच्या नावाशी जोडला गेला. मुंबईच्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल: रात्रीच्या गाडीनं नागपूर गाठलं तरी सेल शिल्लक.

ही भूक ०.७ वॅटवर ठेवण्यासाठी काय काय सोडावं लागलं? चिप शार्पची, आठ बिटांची, सेकंदाला सुमारे ४२ लाख ठोक्यांवर चालणारी. स्मृती आठ किलोबाइट, चित्रांसाठी आणखी आठ. पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा, हिरवट, चार छटांचा, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्याच्या मागे दिवा नाही. चिपच्या वेगाचा विजेशी थेट संबंध असतो: ठोके दुप्पट केले की खर्च दुप्पट, आणि त्यासाठी व्होल्टेज वाढवावं लागलं तर तो वर्गाच्या पटीत वाढतो. ही जाण खेळ लिहिणाऱ्यांपर्यंत पोचवलेली होती. गेम बॉयच्या चिपला 'हॉल्ट' नावाची आज्ञा आहे. पडद्यावरचं एक चित्र तयार झालं आणि पुढचं सुरू व्हायला वेळ आहे, तर मधल्या काळात चिपनं रिकामं गरगरायचं नाही, झोपून जायचं. सेकंदाला साठ वेळा घेतलेली ही डुलकी. चांगल्या प्रोग्रॅमरचा खेळ त्यामुळे वाईट प्रोग्रॅमरच्या खेळापेक्षा त्याच सेलांवर जास्त वेळ चालायचा, आणि खेळणाऱ्या पोराला त्याचा पत्ताही नसायचा.

पडद्याबद्दल मात्र भाबडेपणा नको. तो वाईटच होता. संध्याकाळी गाडीत बसून खेळायचं तर खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे यंत्र तिरपं धरावं लागे, आणि पडद्यावरची वस्तू वेगानं हलली की मागे पुसट शेपूट उमटायचं. डाव्या कडेला पडद्याचा गडदपणा कमी-जास्त करायची चकती होती. सेल उतरत चालले की पडदा फिका पडायचा आणि मुलं ती चकती फिरवत बसायची. यंत्र चालू असल्याचं दाखवणारा पडद्याशेजारचा छोटा लाल दिवाही मंदावत जायचा; सेलांची खबर देणारं दुसरं साधन नव्हतं. पण अशा पडद्यावर कुठला खेळ शोभेल याचं उत्तर कंपनीला अचूक सापडलं. अलेक्सी पाजित्नोव या मॉस्कोतल्या संगणकतज्ज्ञाचा टेट्रिस हेंक रॉजर्स यांच्या मध्यस्थीनं मिळवून निन्टेन्डोनं अमेरिकेत तो यंत्रासोबतच दिला. त्यातले ठोकळे पायरी-पायरीनं उतरतात, पार्श्वभूमी रिकामी असते, रंगांची गरज नसते. पडद्याच्या सगळ्या उणिवा या खेळात लपून जातात.

अमेरिकेत गेम बॉय १९८९ च्या जुलैअखेरीस सुमारे ९० डॉलरना आला. काही आठवड्यांत अटारीचा लिंक्स आला, १८० डॉलरना. त्याला रंगीत पडदा, मागे दिवा आणि गेम बॉयला न झेपणारी चित्रं मोठी-लहान करण्याची करामत होती. त्याला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. वर तो एका वितीहून लांब. त्याच्या रचनाकारांपैकी आर. जे. मायकल यांनी पुढे सांगितलं आहे की चाचणीसाठी बोलावलेल्या लोकांना एवढ्या पैशांत मोठी वस्तू हवीशी वाटली, म्हणून त्याची पेटी गरजेपेक्षा मोठी केली गेली. आतली बरीच जागा चक्क रिकामी होती. हे वाचल्यावर मला हसू आवरेना. आकाराची मर्यादा पाळताना लोक मेटाकुटीला येतात, इथे मर्यादा नसताना आकार वाढवला. १९९१ मध्ये लहान पेटीचा दुसरा लिंक्स काढावा लागला.

सेगाचा गेम गियर १९९० च्या ऑक्टोबरात जपानात आला. तो मला अधिक दुःखद वाटतो, कारण तो खरोखर छान होता. घरच्या टीव्हीला जोडायच्या मास्टर सिस्टिमचंच अंतरंग त्यात होतं, रंग झकास होते, आडवा आकार हातात बसायचा. पण त्याच्या पडद्यामागे जो दिवा होता तो फ्लुरोसंट नळीचा, म्हणजे शब्दशः एक बारीक ट्यूबलाइट. ती पेटवायला सेलांचं नऊ व्होल्टचं दान शेकडो व्होल्टपर्यंत चढवावं लागे. एकूण भूक तीन वॅटच्या घरात गेली. डाव्या हाताखाली तीन आणि उजव्या हाताखाली तीन असे सहा सेल. तरी तीन ते पाच तासांत खेळ खलास. इथे आणखी एक गोम आहे. अल्कलाइन सेलमधून वीज जितकी घाईनं ओढावी तितकी त्याच्यातून मिळणारी एकूण ऊर्जाच कमी होते. म्हणजे चौपट भुकेच्या यंत्राला दीडपट सेल देऊनही भरपाई होत नाही. एनईसीचा टर्बोएक्सप्रेस अडीचशे डॉलरचा. त्याचे सहा सेल तीन तास टिकत. १९९५ मध्ये सेगानं नोमॅड काढला, त्यात तर घरचा जेनेसिस कन्सोलच हातात मावेल असा केला होता. त्याचेही सहा सेल, दोन-तीन तासांचे.

निन्टेन्डोतल्या कुणीतरी घाबरून प्रतिस्पर्ध्याचं यंत्र आल्याची बातमी दिली तेव्हा योकोईंनी ते रंगीत आहे का एवढंच विचारलं, आणि हो म्हटल्यावर मग काळजी नाही म्हणाले, अशी एक आठवण सांगितली जाते. गेम गियर एक कोटीच्या थोडा वर गेला. गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांवर खपले. ही सगळी करामत सेलांची, असं म्हणणं अर्थात अतिशयोक्ती होईल. अर्धी किंमत, टेट्रिस, आणि १९९६ मध्ये आलेला पोकेमॉन यांचाही त्यात मोठा वाटा आहे. पण किंमत कमी होती तीही त्याच साध्या चिपमुळे आणि दिव्याविना पडद्यामुळे.

आपल्याकडे ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं त्यांच्यातल्या फार थोड्यांनी खरा गेम बॉय हातात घेतला असेल. आपल्या वाट्याला आला तो जत्रेत आणि फुटपाथवर मिळणारा चिनी 'ब्रिक गेम', ज्याच्या खोक्यावर ९९९९ खेळ असल्याचा दावा असे आणि आत ठोकळ्यांचे दहा-बारा. दहा गुणिले वीस चौकोन काचेवर आखलेले, त्यातले हवे ते काळे करायचे. म्हणजे खेळ गेम बॉयचा आणि अंग गेम अँड वॉचचं. पेन्सिल सेलांवर तो इतके दिवस चालायचा की सेल विकत आणणं हा खर्च कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. संपत आलेले सेल उन्हात ठेवायचे, दातानं दाबायचे, शेवटी घड्याळातला काढून घालायचा आणि वेळ थांबली म्हणून घरच्यांची बोलणी खायची.

गेम बॉय बारीक होत गेला तो सेल बारीक झाले तेव्हाच. सेलहून पातळ पेटी होऊच शकत नाही. १९९६ चा गेम बॉय पॉकेट दोन करंगळीएवढ्या सेलांवर आला, तेव्हा जाडी ३२ वरून पंचवीस मिलिमीटरवर उतरली. तासही दहावर उतरले. १९९८ मध्ये फक्त जपानात निघालेल्या गेम बॉय लाइटला अखेर दिवा मिळाला: दिवा बंद ठेवला तर वीस तास, लावला तर बारा. एका दिव्याची किंमत आठ तास. खरी सुटका २००३ च्या गेम बॉय अॅडव्हान्स एसपीनं झाली. त्यात चार्ज होणारा चपटा लिथियम-आयन सेल होता, आणि चपट्या सेलमुळेच यंत्राला डबीसारखं मिटता आलं.

योकोईंना ही सुटका पाहायला मिळाली नाही. १९९५ च्या व्हर्च्युअल बॉयच्या अपयशानंतर त्यांनी निन्टेन्डो सोडलं, स्वतःची कोतो ही कंपनी काढली, आणि १९९७ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरच्या अपघातात गेले. त्यांचं शेवटचं काम असलेला बंदाईचा वंडरस्वान १९९९ मध्ये बाजारात आला. तो एका पेन्सिल सेलवर तीस तासांहून जास्त चालतो. माझ्या मते त्यांच्या पद्धतीचा गाभा गेम बॉयपेक्षा इथे जास्त स्पष्ट दिसतो.

लिथियममुळे प्रश्न सुटला असं दहाएक वर्षं वाटलं. मग चिपच इतक्या खादाड झाल्या की भागाकार पुन्हा जुन्याच जागी आला. हातात धरून खेळायचा २०२२ चा स्टीम डेक घ्या. त्याच्यात चाळीस वॅट-तासांचा सेल आहे, गेम बॉयच्या चारही सेलांच्या जवळपास चौपट. पण नुसती मुख्य चिपच पंधरा वॅटपर्यंत खाते. पडदा, पंखा वगैरे मिळून भूक विसाच्या पुढे जाते. जड खेळ लावला की दोन तास. सेल मोठा करावा तर वजन वाढतं, आणि ६६९ ग्रॅमचं यंत्र हातात धरून झोपून खेळणाऱ्याला ते आधीच मनगटात कळतं. चिप जास्त पळवावी तर उष्णता बाहेर टाकायला पंखा मोठा लागतो, आणि ती उष्णता दोन तळव्यांच्या मधोमध असते. निन्टेन्डोनं २०१९ मध्ये आपल्या स्विच या यंत्राचे अडीच ते साडेसहा तास साडेचार ते नऊवर नेले, ते सेलला हात न लावता, त्याच चिपची अधिक बारीक आवृत्ती वापरून.

स्टीम डेकमध्ये एक गोष्ट मात्र नवी आहे. बाजूचं बटण दाबलं की एक पट्टी उघडते. तिच्यात चिपनं जास्तीत जास्त किती वॅट खायचे ते खेळणाऱ्यानं स्वतः ठरवायचं, आणि सेकंदाला साठ चित्रं हवीत की चाळीस चालतील हेही. लांबच्या प्रवासाला निघालेले लोक चाळीसवर आणतात, वॅट आठ-नऊवर बांधतात, पडद्याचा उजेड कमी करतात. क्योतोत १९८९ च्या आधी दोघातिघांनी टेबलाभोवती बसून जी भांडणं केली असतील, ती आता विमानतळाच्या बाकावर बसलेला माणूस अंगठ्यानं मिटवतो.